मायनर कमांडला ‘पोटआज्ञा’ म्हणावे

मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संस्था वापरतात त्या मोठ्या संगणकावर देखरेख ठेवणाऱ्या ओमेगामॉन या प्रणालीचे प्रशिक्षण-टिपण मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, तिच्यातील मेजर, मायनर, इमिजिएट आणि इन्फो-लाइन या कमांडना अनुक्रमे ‘मोठी आज्ञा’, ‘किरकोळ आज्ञा’, ‘तातडीची आज्ञा’ आणि ‘माहिती-आज्ञा’ म्हणता येईल का. ‘कमांड’साठी ‘आज्ञा’ मला योग्यच वाटते. ‘आज्ञावली’ हा शब्द मराठीत रुळला आहे, आणि ‘आदेश’ म्हटले की आधी न्यायालय किंवा सरकारी कचेरी आठवते. विशेषणे मात्र चारही बदलावीत, असे माझे मत आहे.

ही प्रणाली मूळची कँडल कंपनीची. 2004 मध्ये ती कंपनी आयबीएमने घेतली. या प्रणालीच्या जुन्या, अक्षरी पडद्यावर एकेका ओळीच्या सुरुवातीला छोटी आज्ञा लिहायची आणि एंटर दाबले की उत्तर तिच्याच पुढे उमटते. उदाहरणार्थ, ‘पीक’ (PEEK) ही मेजर आज्ञा आणि तिच्यापुढे संगणकावर चालू असलेल्या एखाद्या कामाचे नाव लिहिले, की त्या कामाची माहिती गोळा केली जाते. मग त्याखालच्या ओळींवर मायनर आज्ञा लिहून त्याच कामाचा हवा तो तपशील मागवता येतो. वरची मेजर ओळ काढून टाकली, तर खालच्या ओळींना काही अर्थच उरत नाही, कारण तपशील कशाचा हवा हे सांगणारे कोणी नसते.

म्हणजे येथे मेजर-मायनर हा भेद कमी-अधिक महत्त्वाचा नसून आश्रयाचा आहे, म्हणजे कोण कोणावर अवलंबून आहे याचा. पुष्कळदा तंत्रज्ञाला खरे उत्तर मायनर आज्ञेतूनच मिळते, तिला ‘किरकोळ’ म्हणणे अन्यायाचे होईल. ‘गौण’ हा पर्याय व्याकरणातल्या गौणवाक्यामुळे जवळचा वाटतो, पण रोजच्या मराठीत त्यालाही बिनमहत्त्वाचा असा वास येतो. आपल्या भाषेत नेमक्या या नात्यासाठी ‘पोट’ हे पूर्वपद आहे: पोटकलम, पोटनियम, पोटहिस्सा. पोटकलम मूळ कलमाला सोडून वाचता येत नाही, तरी खटल्याचा निकाल त्याच्यावर फिरू शकतो. म्हणून ‘मुख्य आज्ञा’ आणि ‘पोटआज्ञा’ ही जोडी मी सुचवतो.

‘इमिजिएट’चे भाषांतर ‘तातडीची’ केले, तर वाचक फसेल, कारण एंटर दाबल्यावर सगळ्याच आज्ञा अमलात येतात. या आज्ञांचे वेगळेपण असे की, त्या कोणाच्या पोटात नसतात आणि त्यांच्या पोटातही कोणी नसते. त्यांपैकी अनेकींची सुरुवात टिंबाने होते. त्यांना ‘स्वतंत्र आज्ञा’ म्हणावे. ‘माहिती-आज्ञा’ तर उलटाच अर्थ देते: ‘इन्फो-लाइन’ हे पडद्यावरच्या सर्वांत वरच्या ओळीचे नाव आहे आणि तेथे तिरप्या रेघेने सुरू होणारी आज्ञा लिहितात. परवलीचा शब्द देण्याची आज्ञा याच प्रकारातली. ती माहिती मागत नाही, अधिकार मागते. ‘शीर्ष-ओळीची आज्ञा’ हे नाव लांब असले, तरी निदान खरे आहे.

प्रकारांची नावे मराठीत आणावीत, प्रत्यक्ष आज्ञांची आणू नयेत. झेडओएस या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीच्या कन्सोलवर, म्हणजे तिला आज्ञा देण्याच्या पडद्यावर, ‘डिस्प्ले’साठी डी लिहितात, ‘स्टार्ट’साठी एस आणि ‘स्टॉप’साठी पी, ही अक्षरे यंत्राला जशीच्या तशी लागतात, त्यामुळे टिपणात ती मूळ रूपातच ठेवून अर्थ शेजारी सांगावा.

लेखनाविषयी एक खुलासा. ‘पोट’ हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला नसल्यामुळे येथे संधी करून ‘पोटाज्ञा’ लिहू नये. ‘पोटआज्ञा’ असेच लिहावे. अनेकवचनही ‘पोटआज्ञा’च राहते, आणि विभक्तीत ‘पोटआज्ञेला’, ‘पोटआज्ञांना’ अशी रूपे होतात.