फ्रान्सच्या थंड भागातल्या व्हाइट वाइन चाखायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

शाब्लीपासून. बर्गंडी प्रांताच्या उत्तर टोकाचा हा भाग. द्राक्ष शार्दोनेच, पण थंडीमुळे आंबटपणा टिकतो आणि साध्या शाब्लीत ओकच्या पिंपाचा वास सहसा नसतो. महागड्या ग्रां क्रूच्या (सगळ्यात वरच्या दर्जाच्या मळ्यांतल्या वाइनच्या) मागे आत्ताच लागू नका. शाब्लीत एप्रिलमध्ये द्राक्षवेलींचे कोवळे कोंब गोठायची धास्ती असते. मग रात्री ओळींमधून मोठाल्या मेणबत्त्या पेटवतात, नाहीतर चक्क वेलींवर पाणी फवारतात! कोंबावर बर्फाचं कवच चढतं आणि पाणी गोठताना जी उष्णता सोडतं, तिच्यावर कोंब तगतो. (निफाडकडे कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवतात, त्यातलाच प्रकार.)

खिसा सांभाळायचा असेल तर मस्कादे, ल्वार नदीच्या मुखाकडची, नांत शहराजवळची. बाटलीवर 'स्यूर ली' लिहिलेलं बघा: ती यीस्टच्या गाळावर मुरवलेली असते, म्हणून तोंडात जरा भरीव लागते. सोबत कालवं मिळाली तर दुसरं काही शोधूच नका.

नंतर पूर्व फ्रान्समधल्या अल्सासची रीसलिंग (हे द्राक्षाचंच नाव). व्होज पर्वत पाऊस अडवतो, त्यामुळे थंडी असूनही ऊन भरपूर. लेबलावर बहुधा द्राक्षाचं नाव असतं, नवख्याला सोपं. गोड नको असेल तर 'सेक' लिहिलेली घ्या.

आणि हो, फ्रिजमधून काढल्यावर 10-15 मिनिटं थांबा. फार गार असली की वासच कळत नाही.