प्रश्न कन्सोलचा, चिंता जूनच्या हप्त्याची

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे वय ३३ असून त्या आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात हिशेब लिहितात आणि त्यांना महिन्याला २८,००० रुपये पगार मिळतो. त्यांचे पती ३६ वर्षांचे आहेत, ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख आहेत आणि वर्षातले दहा महिने त्यांच्या वाट्याला दरमहा सरासरी २०,००० रुपये येतात. मुलगी पाच वर्षांची आहे. पत्राचा मुख्य भाग असा:

"मला गेम खेळण्याची, त्यातही प्रेमकथांच्या व्हिज्युअल नॉव्हेलची, म्हणजे पडद्यावर चित्रांसह वाचायच्या गोष्टींची, फार आवड आहे. मुलगी झोपली की जुन्या लॅपटॉपवर तासभर वाचते, दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोनवर खेळते. जून-जुलैत बोट बंद असते तेव्हा हे घरी असतात, म्हणून दोघांना मिळून खेळता येईल असा स्वस्तातला कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचे गेमचे यंत्र, घ्यावा असे वाटते. एक्सबॉक्स सिरीज एस ३८,००० ला मिळतो आहे आणि हंगामाचा ४०,००० बोनस हातात आहे. रोख घ्यावा की नो-कॉस्ट ईएमआयवर? ओळखीचा एक मुलगा आपला जुना पीएस-४ (प्लेस्टेशन-४ कन्सोल) दोन कंट्रोलरसह १४,००० ला देतो म्हणतो. सासूबाईंना हा सगळा जुगारच वाटतो. व्हिज्युअल नॉव्हेलवर मराठीत चॅनेल काढले, तर वर्षभरात कन्सोलचे पैसे सुटतील असेही मनात आहे. १० जूनला मुलीच्या पॉलिसीचा ६०,००० चा तिसरा हप्ता आहे. गेल्या वर्षी बांगड्या ठेवून भरला, यंदा पाटल्या ठेवाव्या लागतील, पण ते आम्ही जमवू."

ताई, तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी तीन वेळा वाचले. कन्सोलबद्दल तुम्ही पानभर लिहिले आहे आणि पाटल्यांबद्दल एक ओळ. मला मात्र त्या एका ओळीबद्दलच जास्त लिहावे लागेल.

तुम्ही सोबत पाठवलेला पॉलिसीचा तक्ता पाहिला. दर वर्षी ६०,००० याप्रमाणे दहा वर्षे भरायचे आणि पंधराव्या वर्षाच्या अखेरीस १० लाख मिळायचे. बँकेतल्या अधिकाऱ्याने तुम्हाला "एफडीसारखीच आहे, शिवाय कर वाचतो आणि सहाचे दहा होतात" असे सांगितले. सहाचे दहा होतात हे खरे असले, तरी त्यासाठी पंधरा वर्षे लागतात आणि वार्षिक परतावा जेमतेम ५ टक्के पडतो. कर वाचतो हे तर साफ चुकीचे आहे, कारण तुमचे वार्षिक उत्पन्न ३ लाख ३६ हजार आहे आणि त्यावर जुन्या किंवा नव्या कोणत्याही पद्धतीने तुम्हाला कर लागतच नाही. जो कर नाही तो वाचवण्यासाठी तुम्हाला हे उत्पादन विकले गेले. अशी पत्रे मला सतत येतात आणि दर वेळी तितकाच संताप होतो.

आता गेल्या वर्षीच्या बांगड्या पाहू. ६०,००० च्या सोनेतारण कर्जावर तुम्ही महिन्याला ६०० रुपये व्याज भरता, म्हणजे दर १२ टक्के झाला. बारा टक्क्यांनी उसने आणून पाच टक्क्यांनी गुंतवणे याला बचत म्हणता येत नाही; मुद्दल तसेच आहे आणि वर्षाकाठी ७,२०० रुपये निव्वळ जात आहेत. पाटल्या ठेवल्या की तेच १४,४०० होतील. शिवाय सोनेतारण बहुधा वर्षभराच्या मुदतीचे असते, तेव्हा तुमच्या पावतीवरची तारीख आजच पाहा, कारण मुदत टळून लिलावाची नोटीस येण्याइतके वाईट काही नाही.

तुमच्या घराचा हिशेबही मी मांडून पाहिला. महिन्याचा खर्च ४०,००० आहे, म्हणून बोट चालू असताना दर महिन्याला ८,००० उरतात, दहा महिन्यांचे ८०,००० होतात. जून आणि जुलैत फक्त तुमचा पगार असतो, तेव्हा दोन महिन्यांत मिळून २४,००० ची तूट पडते. आगोटीची म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची खरेदी, गणपती, शिमगा, आजारपण, पावसाआधीची कौलांची डागडुजी यांना तुम्ही ३०,००० लिहिले आहेत. उरले २६,०००. त्यात बोनस मिळवला आणि व्याज वजा केले की जवळपास ५९,००० होतात. हप्ता ६०,००० चा आहे. म्हणजे कन्सोल घेतला नाही तरी वर्षाची सगळी शिल्लक एका हप्त्यात जाते, आणि तो हप्ताही नेमका अशा महिन्यात ठेवला आहे की जेव्हा मासेमारी बंद असते आणि होड्या शाकारून किनाऱ्यावर असतात. रत्नागिरीत बसून मच्छीमाराच्या घराला जूनचा हप्ता लावून देणाऱ्या माणसाने तुमची मिळकत कशी येते हे एकदाही विचारलेले दिसत नाही.

याहून गंभीर गोष्ट तुमच्या पत्रात नाही, ती तक्त्यात आहे. ज्याच्या जिवाचा विमा उतरवला आहे त्या रकान्यात तुमच्या मुलीचे नाव आहे. आयुर्विमा असतो तो कमावत्या माणसाच्या पश्चात घर चालावे म्हणून. तुमच्या घरात भर समुद्रात जाणारा माणूस वेगळाच आहे आणि त्याच्या नावावर एक रुपयाचाही विमा असल्याचा उल्लेख पत्रात कुठे नाही. दर वर्षी ६०,००० भरूनही तुमचे घर उघडे आहे, हे मला कन्सोलच्या प्रश्नाआधी सांगायलाच हवे.

म्हणून पहिले काम पतींच्या विम्याचे. त्यांच्यासाठी ५० लाखांचा निव्वळ टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा विमा घ्या. त्याचा वार्षिक हप्ता दहा-बारा हजारांच्या आसपास पडेल आणि समुद्रावरच्या कामामुळे थोडा जास्तही लागू शकेल, पण अर्जात व्यवसाय खरा लिहा. तो लपवला तर नेमक्या गरजेच्या वेळी दावा अडतो. विमा कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागेल आणि इथेच तांडेल आणि खलाशी अडकतात, कारण वाटा रोख मिळतो. यापुढे वाट्याची रक्कम बँकेत भरत जा आणि कर लागत नसला तरी त्यांचे प्राप्तिकर विवरणपत्र दर वर्षी भरा. तोपर्यंत थांबू नका. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा आहे, सुरक्षा विमा २० रुपयांत २ लाखांचा अपघाती आहे, आणि दोन्हींचे वर्ष १ जूनला सुरू होते. दोघांच्याही खात्यांतून दोन्ही सुरू करा. दोघांचे मिळून हजाराच्या आतच खर्च येतो. मच्छीमारांसाठी मत्स्यसंपदा योजनेखाली ५ लाखांचा सामूहिक अपघात विमाही आहे, त्याचा हप्ता सरकार भरते. तो सध्या चालू आहे का आणि त्यात पतींचे नाव आहे की नाही, हे मच्छीमार सोसायटीत किंवा मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या.

आता पॉलिसीचे काय करायचे? तिसरा हप्ता भरू नका. भरलेल्या १ लाख २० हजारांकडे पाहून पुढचे ४ लाख ८० हजार टाकत राहणे चुकीचे ठरेल. पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत ती परत करण्याची सोय असते, पण ती मुदत केव्हाच गेली. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज बंद केली तर हातात काय पडेल, म्हणजे सरेंडर व्हॅल्यू, आणि पुढे काही न भरता पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर काय मिळेल. दहापैकी दोन हप्ते भरल्यामुळे पेड-अप रक्कम अंदाजे २ लाख निघावी, तीही तेरा वर्षांनी. सात टक्क्यांच्या हिशेबाने त्या दोन लाखांची आजची किंमत ८३,००० च्या आसपास होते, म्हणजे आज एवढे ठेवले तर तेरा वर्षांत त्यांचे दोन लाख होतील. आज मिळणारी रक्कम ८०,००० च्या वर असेल तर घेऊन मोकळ्या व्हा. ती बरीच कमी असेल, आणि दोन हप्त्यांनंतर ती कमी असण्याचीच शक्यता आहे, तर पेड-अप ठेवा आणि विसरून जा.

मुलीच्या शिक्षणाची तुमची काळजी खरी आहे आणि तिच्यासाठी सुकन्या समृद्धी खाते आहे. ते दहा वर्षांच्या आतल्या मुलीच्या नावे पोस्टात उघडता येते. त्याचा दर सरकार दर तिमाहीला ठरवते. जानेवारी २०२४ मध्ये तो ८.२ टक्के झाला. त्या दराने तेच दहा हप्ते त्याच पंधरा वर्षांत १४ लाखांच्या घरात जातात, म्हणजे १० लाखांपेक्षा ४ लाख जास्त. खाते एकवीस वर्षांनी मिटते, पण मुलगी अठरा वर्षांची झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. तुमच्या घरासाठी त्याची सर्वांत मोठी सोय अशी, की वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी चालते आणि ते ऑगस्ट ते मेमध्ये जमेल तसे भरता येतात. सध्या २५० भरून खाते उघडा, मोठी रक्कम बांगड्या सुटल्यावर.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. सिरीज एस तुमच्यासाठी नाही, आणि त्याचे कारण केवळ पैशांचे नाही. त्या यंत्राला डिस्कची खाच नाही, म्हणून जुनी डिस्क स्वस्तात घ्यावी, खेळून झाल्यावर विकावी किंवा कोणाशी बदलावी हा मार्गच बंद होतो आणि प्रत्येक गेम किंवा वर्गणी ऑनलाइन विकत घ्यावी लागते. दुसरे म्हणजे, तुम्हाला ज्या प्रेमकथा आवडतात त्या बहुतांशी संगणकावर, फोनवर आणि निन्टेन्डोच्या स्विचवर निघतात, एक्सबॉक्सवर तुलनेने फार थोड्या. स्विच आपल्याकडे अधिकृतपणे विकला जात नाही, बाहेरून आणलेला घेतला तर वॉरंटीचा प्रश्न येतो. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे मजकूर, चित्रे, आवाज आणि मधूनमधून निवड करण्याचे प्रसंग. त्यातल्या कितीतरी 'रेनपाय' या मोफत साधनावर बनवलेल्या असतात आणि तुमचा जुना लॅपटॉप त्यांना पुरून उरतो. म्हणजे ज्या छंदासाठी तुम्ही ३८,००० मोजायला निघाला आहात, तो छंद तुम्ही आजच उत्तम रीतीने जोपासता आहात.

ईएमआयबद्दल थोडक्यात सांगते. नो-कॉस्टमध्ये व्याज नाहीसे होत नाही. ते सवलतीच्या रूपाने वळते केलेले असते, त्यावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याकडून घेतले जाते आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट बहुधा तुम्हाला मिळत नाही. शिवाय जून-जुलैत तोही एक हप्ता वाढेल.

चॅनेल जरूर काढा, मराठीत या विषयावर बोलणारे कमी आहेत आणि तुमच्या पत्रावरून तुम्हाला लिहिता येते हे दिसते. पण त्याची कमाई शून्य धरूनच खरेदीचा निर्णय घ्या. सासूबाईंना मात्र एक गोष्ट शांतपणे समजावून सांगा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे आणि तुम्ही खेळता ते त्यात मोडत नाही. तुम्ही गोष्ट विकत घेऊन वाचता, कादंबरी घ्यावी तसे.

छंदातली गळती वेगळीकडे आहे. फोनवरच्या कथेत पुढचा प्रसंग उघडायला "कधीतरी १४९ चे हिरे घेते" असे तुम्ही लिहिले आणि सोबत यूपीआयचा उताराही जोडला. मी मोजले, महिन्याला सरासरी आठ वेळा होतात. महिन्याचे १,२०० आणि वर्षाचे १४,०००. कथेला ऐन रंगात आणून थांबवायचे आणि मग पैसे मागायचे, अशीच त्या गेमची रचना असते, त्यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही. पण त्याच पैशांत पुऱ्या, एकदाच विकत घ्यायच्या कथा येतात. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात जूनच्या अखेरीस उन्हाळी सेल लागतो, तेव्हा पाच-सहाशे रुपयांना तीस-तीस तासांच्या कथा मिळतात, आणि घेतल्यापासून चौदा दिवसांत व दोन तासांहून कमी खेळून झाले असेल तर पैसे परत मिळतात. मोफतही चांगल्या आहेत: 'कतावा शोजो' ही २०१२ ची प्रेमकथा मोफत आहे. २०१७ ची 'डोकी डोकी लिटरेचर क्लब'ही मोफत आहे, पण वरून प्रेमकथा वाटली तरी ती भयकथा आहे आणि तिच्यात आत्महत्येचे प्रसंग येतात, हे ठाऊक ठेवूनच उघडा.

तर बोनसच्या ४०,००० चे असे करा. २५,००० सोनेतारणाच्या मुद्दलात भरा, १२,००० पतींच्या टर्म विम्यासाठी बाजूला काढा आणि उरलेले ३,००० सेलमध्ये विनासंकोच खर्च करा. दहा महिन्यांत जे वीस-बावीस हजार उरतील तेही मुद्दलात घाला. पुढच्या मेच्या बोनसमधून शेवटचे दहा-पंधरा हजार फेडले की बांगड्या घरी येतील.

पतींबरोबर बसून खेळायची तुमची इच्छा मी बाजूला सारत नाही. दहा महिने समुद्रावर असलेल्या माणसासोबत दोन महिने घरात हसत घालवायला मिळावेत, यासाठी पैसे खर्च करण्यात काहीही गैर नाही. हिऱ्यांचे १,२०० दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका, पुढच्या जूनपर्यंत चौदा हजार जमतील आणि पीएस-४ रोखीने येईल. त्याला डिस्क चालते आणि दोन कंट्रोलर सोबत मिळतात. घेण्याआधी तो तासभर चालवून पाहा, पंख्याचा आवाज ऐका आणि मागच्या जोडणीच्या खाचांमध्ये गंज आहे का ते तपासा, कारण आपल्या खाऱ्या हवेत यंत्रे लवकर खराब होतात. पावसात गडगडू लागले की प्लग काढून ठेवा. या जूनमध्ये लॅपटॉप टीव्हीला जोडून एखादी कथा दोघांनी मिळून वाचा आणि कोणता पर्याय निवडायचा यावर वाद घाला.

१० जूनचा हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो असे तुम्ही लिहिले आहे. ती सूचना रद्द करण्याचा अर्ज या आठवड्यात बँकेत लेखी द्या आणि पोच घ्या. त्याच वेळी "मुदत ठेव म्हणून विमा विकला" अशी तक्रार विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवा. उत्तर समाधानकारक आले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. कंपनीकडून ते दोन आकडे आले की मला कळवा, पेड-अप ठेवायची की बंद करायची ते मी नेमके सांगेन.