'सब्लाइम' ऐकायला सुरुवात करताना
रेगे (जमैकातील संथ, डोलत्या लयीचे संगीत) आणि पंक (वेगवान, खडबडीत रॉक) यांच्या मिश्रणाकडे आपण नव्याने वळत असाल, तर कॅलिफोर्नियातील लाँग बीचच्या सब्लाइम या त्रिकुटाचा, त्यांच्याच नावाचा १९९६ सालचा अल्बम आधी ऐकावा, आणि तोही शक्यतो सलग. त्यातील 'सँटेरिया' या गाण्यात गिटारचे तुटक ठोके मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधल्या जागेत पडतात आणि एरिक विल्सनचा बास (खालच्या सुरांची गिटार) गाणे पुढे नेतो. म्हणून पहिल्या वेळी शब्दांचा नाद सोडून, हेडफोन लावून, केवळ बासकडे लक्ष द्यावे. याच अल्बममधले 'सेम इन द एंड' पंकच्या वेगाने अंगावर येते, त्याने बिचकू नये. मात्र रेगेच्या लयीतून येणाऱ्या निवांतपणाला निश्चिंतपणा समजू नका: गायक ब्रॅडली नोवेल हेरॉइनच्या अतिसेवनाने, अल्बम येण्यापूर्वी जेमतेम दोन महिने आधी, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला.