“सर, मीच स्लो आहे का?”

रोजचं काम सांभाळून वरचे प्रोजेक्ट कसे करायचे, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. त्यातल्याच एक ताई, ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. फोन उपडा ठेवला होता पण दर दोन मिनिटांनी सरळ करून बघत होत्या. म्हणाल्या, “सर, दोन प्रोजेक्ट जास्तीचे आलेत, नाही म्हटलं तर वाटेल हिला झेपत नाही, आणि रात्री अकरापर्यंत बसूनही उरतंच, मीच स्लो आहे का?”

मी कोरा कागद दिला, म्हटलं आठवड्याचे तास मांडा. मीटिंगा, मेल, रिपोर्ट, आणि ते मधेच येणारं “जरा बघतेस का” पण. बेरीज आली ४१. प्रोजेक्टपुढे त्यांनी लिहिलं प्रत्येकी ४ तास. मी विचारलं, मागचा असाच प्रोजेक्ट आठवड्याला किती खायचा? जरा थांबून म्हणाल्या, ९ तरी. हे सगळ्यांचंच होतं, काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच लिहून ठेवलंय की नव्या कामाचा अंदाज बांधताना माणूस मागचा अनुभव बाजूला ठेवतो. ४ खोडून ९ केले, एकूण ५९. त्या आकड्याकडे बघत बसल्या आणि डोळे भरून आले, कारण इतके महिने त्या स्वतःलाच बोल लावत होत्या.

मग साहेबांशी काय बोलायचं ते तिथेच म्हणून बघितलं. नकार नाही द्यायचा, कागद पुढे ठेवून विचारायचं, “दोन्ही करते, पण यातलं काय मागे ढकलू?” पहिल्या दोन्ही वेळा सुरुवात “सॉरी सर” नेच झाली, तिसऱ्यांदा नीट जमलं. (सगळेच साहेब ऐकतात असं नाही, म्हणून बोलणं झालं की तेच मेलवर टाकायला सांगितलं. आणि झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल तर आधी डॉक्टर, हे मी प्रत्येकाला सांगतो.)

दुसरं म्हणजे प्रोजेक्टला मधली वीस-वीस मिनिटं नाही द्यायची, दोन सकाळी सलग राखायच्या, कारण अर्धवट सोडलेल्या कामात मन अडकून राहतं आणि पुढचं पण धड होत नाही.

तीन आठवड्यांनी आल्या. एका प्रोजेक्टची तारीख महिनाभर पुढे गेली होती, दुसरा चालू होता, थकवा अजून होताच. फोन मात्र पूर्ण वेळ पर्समध्ये होता.