प्रोसेसर मोकळा, तरी कॉम्प्युटर का अडतो?

प्रश्न : आमची पतसंस्था खानापूर तालुक्यात आहे. संध्याकाळी पिग्मी एजंटांचा भरणा मशिनवरून उतरवून घेताना सर्व्हर हँग होतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर 15 टक्के आणि डिस्क 100 टक्के दिसते. दुकानदार नवा प्रोसेसर घ्या म्हणतो. घ्यावा का?

उत्तर : मुळीच नको. सभासदांचा पैसा आहे, तो दुखणं कळल्याशिवाय खर्च करू नका. तुमचा प्रोसेसर रिकामा बसलाय आणि डिस्कची वाट बघतोय. मिनिटाला 7200 फेऱ्या मारणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीला 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धी फेरी जाते, आणि त्याआधी हेड सरकायला आणखी 8-9 मिलिसेकंद. नोंदी विखुरलेल्या असल्या, की सेकंदाला जेमतेम 75-80 वाचन-लेखनं होतात. प्रोसेसर कितीही भारी आणा, हा आकडा तसूभरही हलत नाही.

उद्या भरणा चालू असतानाच रिसोर्स मॉनिटर उघडा, ‘डिस्क’ टॅबवर जा आणि सर्वांत जास्त वाचन-लेखन कुठल्या फाइलवर चाललंय ते बघा. बॅकअप किंवा अँटिव्हायरसचं स्कॅन तिथे दिसलं, तर त्यांची वेळ बदला. ही कामं डे-एंड झाल्यावर लावा, मात्र सर्व्हर यूपीएसवर असू द्या. बॅकअप अर्ध्यात असताना वीज गेली तर तो बॅकअप कामाचा नाही. पेजफाइल (रॅममध्ये न मावलेला मजकूर विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) यादीत वर दिसली, तर रॅम अपुरी पडतेय आणि तिचा भार डिस्कवर येतोय. मग आधी रॅम वाढवा.

एवढं करूनही अडलं तर हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, घ्या. तिच्यात फिरणारं-सरकणारं काही नसतं, त्यामुळे विखुरलेल्या नोंदी ती सेकंदाला हजारोंनी उरकते. बॅकअप मात्र वेगळ्याच डिस्कवर ठेवा.

प्रश्न : उद्यमबागेत आमचं कास्टिंगचं डिझाइन चालतं. एसएसडी बसवली, तरी डिझाइनच्या आकडेमोडीला तेवढाच वेळ लागतो. प्रोसेसर 12-13 टक्क्यांवर अडकलेला असतो.

उत्तर : तुमचा प्रोसेसर आठ धाग्यांचा (थ्रेडचा), म्हणजे एका वेळी आठ कामं ओढणारा असावा. 100 भागिले 8 म्हणजे साडेबारा. एकच धागा जिवाच्या आकांताने राबतोय, बाकीचे सात स्वस्थ आहेत. इथे डिस्कचा काही दोष नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जास्त कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) वापरायची सोय आहे का बघा. तरी अपेक्षा बेताची ठेवा. संगणक-रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेला मुद्दा आजही लागू आहे: कामाचा चौथा हिस्सा एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही कोअर लावा, वेग चौपटीपलीकडे जात नाही. दोन स्वतंत्र मॉडेलं असतील तर ती एकाच वेळी चालवा, रॅम पुरतेय एवढं बघून.

प्रश्न : निपाणीत आमचा लिनक्स सर्व्हर आहे. लोड अ‍ॅव्हरेज 9 दाखवतो, पण प्रोसेसर 80 टक्के मोकळा. कुणावर विश्वास ठेवायचा?

उत्तर : दोघांवर. लोड अ‍ॅव्हरेज म्हणजे सरासरी किती कामं चालू किंवा रांगेत आहेत तो आकडा, आणि लिनक्स त्यात डिस्कसाठी अडकून पडलेली कामंही धरतो. ‘व्हीएमस्टॅट 1’ (vmstat 1) ही आज्ञा चालवून पाहा. ‘बी’ (अडकलेली कामं) आणि ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) हे रकाने सतत वर असतील तर कोंडी डिस्कची. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ (रॅम आणि डिस्क यांच्यातली स्वॅपची ये-जा) हलत राहिले तर रॅमची.

प्रश्न : शहापुरात फोटो स्टुडिओ आहे. ड्राइव्ह कॉम्प्रेस केली तर डिस्कचा ताण कमी होईल का?

उत्तर : फोटो जेपीईजी असतील तर नाही, ते आधीच दाबलेले असतात, प्रोसेसरची मेहनत फुकट जाईल. बिलांच्या, हिशेबाच्या जुन्या टेक्स्ट फाइलींना फायदा होईल. चालू डेटाबेसला मात्र हात लावू नका.