बल्ली कुजते ती जमिनीलगत

प्रश्न : विहिरीवरच्या मोटारीची केबल आखाड्यापर्यंत नेण्यासाठी आठ वर्षांपूर्वी काळ्या रानात निलगिरीच्या नऊ बल्ल्या पुरल्या. परवाच्या वावटळीत त्यातली एक बुडातून मोडली. वरून तर ती चांगली दिसत होती. उरलेल्या आठ कशा तपासाव्यात? (वाचक, ता. पाथरी, जि. परभणी)

उत्तर : आधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, मगच बल्लीला हात लावा. महावितरणचा खांब मात्र कशाचाही असो, स्वतः उकरू नका. १९१२ वर कळवा.

कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. बल्लीच्या वरच्या भागात ओल टिकत नाही, खूप खोल हवा पोचत नाही. दोन्ही एकत्र सापडतात जमिनीलगत आणि त्याखालच्या फूट-दीड फुटात. काळं रान उन्हाळ्यात उलतं, बल्लीभोवती फट पडते आणि मृगाचं पाणी थेट बुडाशी उतरतं. तुमची बल्ली तिथंच गेली.

किलोभराची हातोडी घेऊन जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत, चारही बाजूंनी, वीत-वीत अंतरावर ठोका. धडधाकट लाकूड टणटणीत वाजतं, हातोडी उसळते. आत पोकळ असेल तिथं आवाज बद्द येतो. पण ओलं लाकूडही बद्द वाजतं, म्हणून नुसत्या आवाजावर निकाल देऊ नका.

मग बल्लीला दोन-तीन बाजूंनी दोर ताणून बांधा आणि बुडाशी दीड फूट उकरा. एका वेळी अर्धीच बाजू; सगळीकडची माती एकदम काढली तर कुजकी बल्ली अंगावर येते. माती घासून काढून टोच्या लाकडात तिरका खुपसा आणि उचका. चांगल्या लाकडाची लांब, चिवट कपची निघते, तुटताना कडकन वाजते. कुजलेल्याचा आखूड तुकडा खपलीसारखा मुकाट सुटतो. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवीही आहे असं समजा.

शेवटी १० मिमीचं गिरमिट जमिनीच्या पातळीवरून खाली ४५ अंशांत, मध्याच्या पुढे जाईपर्यंत चालवा. कोरडा, फिक्या रंगाचा भुसा आला तर ठीक. काळपट, भुरभुरीत आला किंवा हात एकदम सैल पडला, तर आत कुज आहे. तारेचं टोक आकड्यासारखं वाकवून भोकात घाला. बाहेर ओढताना ते जिथं अडकेल तिथपर्यंत भिंत. भोक तिरकं असल्याने मोजलेल्या लांबीचे सात दशांश धरा. १५ सेंमी व्यासाच्या बल्लीत कुठल्याही बाजूची भिंत ४ सेंमीच्या खाली आली, की बल्ली बदला.

पोकळीला लोक जास्त भितात, पण बाहेरची कुज अधिक घातक. १५ सेंमीच्या बल्लीत मधोमध ६ सेंमीची पोकळी झाली तर वाक सोसायची ताकद ३ टक्केही घटत नाही. तीच बल्ली बाहेरून सगळीकडे एक-एक सेंमी कुजली, तर ३५ टक्के ताकद गेलीच.

प्रश्न : गोठ्याच्या मेढींना बुडाशी जळकं ऑइल आणि वरून डांबर लावतो, तरी कुजतात. दुसरं काय लावावं? (वाचक, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : जळकं ऑइल लाकडात फारसं मुरत नाही आणि बुरशीही मारत नाही. ओल्या लाकडावर डांबर फासलं तर आतली ओल आतच कोंडते. ही दोन्ही कामं थांबवा.

३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड या प्रमाणात, थोडं पाणी घालून श्रीखंडासारखा घट्ट लेप करा. बूड उकरून कुजलेला भाग पटाशीने निरोगी लाकडापर्यंत खरवडा. जमिनीच्या वर ५ सेंमीपासून खाली ४५ सेंमीपर्यंत ३ मिमी जाड लेप द्या आणि जाड प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून तारेने आवळा. १५ सेंमीच्या मेढीला पाऊण ते एक किलो लेप लागतो. तपासणीच्या भोकातही तोच भरून लाकडी खुंटी ठोका. लेपातलं बोरॉन ओलीतूनच आत सरकतं, म्हणून दिवाळीच्या सुमारास, रानात ओल असताना हे काम करा. कागद गुंडाळला नाही तर पाऊस ते धुऊन नेतो. दर तीन-चार वर्षांनी पुन्हा उकरून पाहा. बोरॉन जास्त झालं की पिकं करपतात. उरलेला लेप वाफ्यात किंवा पाटात टाकू नका, गुरांनाही चाटू देऊ नका.

नवी मेढ पुरूच नका, दगडावर बसवा. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदांचे खांब दगडी तळखड्यावर उभे असतात. लाकूड मातीला टेकत नाही म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलेत. फक्त वाऱ्याने गोठा हलू नये म्हणून आडव्या-तिरक्या लाकडांनी तो पक्का बांधा.

प्रश्न : हिरवट रंगाच्या, प्रक्रिया केलेल्या जुन्या बल्ल्या स्वस्तात मिळताहेत. घ्याव्यात का? (वाचक, ता. अंबड, जि. जालना)

उत्तर : तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकची ही प्रक्रिया असावी. हे मिश्रण देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी शोधलं, १९३३ च्या सुमारास. कुंपणाला बल्ल्या चांगल्या, मात्र वरच्या कसोट्या लावूनच घ्या. कापलेलं टोक मातीत जाऊ देऊ नका, कारण औषध बाहेरच्या थरातच जास्त असतं. गव्हाणीला त्या वापरू नका. तुकडे चुलीत किंवा बंबात तर मुळीच घालू नका. आर्सेनिक धुरात आणि राखेत येतं, आणि तीच राख आपण भांडी घासायला घेतो.