रात्रीची पाळी कुणाची? रिले सायकल शर्यतीबद्दल वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबर तोंडावर आला की या सदराकडे येणारी पत्रं एकाच दिशेला वळतात : डेक्कन क्लिफहँगर. पुण्याहून गोव्यापर्यंत सुमारे 640 किलोमीटर, आणि ‘रेस अक्रॉस अमेरिका’ म्हणजे रॅमसाठी पात्रता मिळवून देणारी शर्यत. एकट्याने उतरणारे मोजके. बाकीचे संघ करून रिले करतात. यंदा आलेल्या पत्रांत चढाचे, गिअरचे प्रश्न फारसे नाहीत, बहुतेक रात्रीचेच आहेत. ते बरोबरच आहे. या दिवसांत संध्याकाळी साडेसहाला अंधार पडतो तो सकाळी साडेसहापर्यंत, म्हणजे 12 तास. नियमांचा शेवटचा शब्द अर्थात त्या-त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेचा. ती संघातल्या एकाने नव्हे, सगळ्यांनी वाचा.

आम्ही चौघे आहोत, सोबत दोन गाड्या. भार सारखा वाटला जावा म्हणून दर 20 मिनिटांनी रायडर बदलायचा, असं ठरवलंय. रात्रीही हेच ठेवावं का?
— एक वाचक, सातारा

दिवसा ठेवा, रात्री नको. दिवसा गाडी रायडरला मागे टाकून पुढे जाते, पुढच्याला उतरवते, तो सायकलवर तयार उभा राहतो. मागचा आला की हा निघाला. सेकंदांचं काम. रात्री मात्र मागची फॉलो कार रायडरला सोडून जाऊ शकत नाही, त्याने तिच्या उजेडातच चालवायचं असतं. रॅममध्ये हे सक्तीचं आहे. सक्ती नसती तरी मी तुम्हाला तेच सांगितलं असतं.

मग पुढच्याला पुढे नेऊन सोडणार कोण? दुसऱ्या गाडीने सोडायचं तर तिच्यात झोपलेल्या दोघांची झोप दर 20 मिनिटांनी मोडणार. एकाच गाडीत भागवायचं तर रायडर थांबतो, गाडी त्याच्या मागे कडेला लागते, नवा उतरतो, जुन्याची सायकल कॅरिअरवर चढते, पट्टे आवळले जातात. तोवर नव्याने उभं राहायचं, कारण गाडी सुटल्याशिवाय त्याला सुटता येत नाही. सरावलेल्या क्रूची, म्हणजे गाडीतल्या मदतनीसांची, यात दीड-दोन मिनिटं जातात, पेंगुळलेल्या क्रूची चारही. आता हिशोब करा. 12 तासांत 20 मिनिटांच्या पाळ्या म्हणजे 35 बदल. दोन मिनिटांनी गुणलं तर 70 मिनिटं नुसती रस्त्याच्या कडेला. तासाची पाळी केली तर 11 बदल, 22 मिनिटं.

म्हणून रात्री जोड्या पाडा. पहिली जोडी साडेसहा ते साडेदहा, दुसरी साडेदहा ते अडीच, पुन्हा पहिली उजाडेपर्यंत. जोडीतल्या दोघांनी आपापसात पाऊण-एक तासाच्या पाळ्या घ्यायच्या. पाळी संपलेल्या जोडीला दुसऱ्या गाडीने थेट 100 किलोमीटर पुढे पाठवा, चार तासांत चालती जोडी साधारण तेवढंच अंतर काटते. महामार्गाने जात असाल आणि कराडच्या आसपास पाळी संपत असेल, तर निपाणीच्या बाजूला लॉजची एक खोली आधीच सांगून ठेवा. गाडीतला वेळ, जेवण, कपडे बदलणं वजा जाता आडवं पडायला दीड तास मिळतो. कमी वाटेल, पण झोपेचं एक पूर्ण चक्र साधारण तेवढंच असतं.

या हिशोबात पहिल्या जोडीला रात्री दुप्पट सायकल येते. येऊ द्या. दुसरीला दुपारच्या उन्हात जास्त द्या. ज्याला पहाटे तीनला तरतरी असते त्याला पहाट द्या, उतार ज्याच्या हाताला बसलाय त्यालाच घाट उतरू द्या, मग पाळी कुणाची का असेना. समान वाटपाचा आग्रह जेवणाच्या बिलापुरता ठेवावा.

पुतण्याच्या संघाची फॉलो कार मी चालवणार आहे. वय 57, ड्रायव्हिंगचा 30 वर्षांचा अनुभव, सोलापूर–मुंबई रात्रीचं कितीतरी वेळा केलंय. पोरं म्हणतात दुसरा ड्रायव्हर घेऊ. उगाच एक माणूस कशाला वाढवायचा?
— एक काका, सोलापूर

काका, पोरांचं ऐका. तुमच्या हाताबद्दल शंका नाही. पण सोलापूर–मुंबई तुम्ही 80 च्या वेगाने जाता. ओव्हरटेक असतात, टोलनाके असतात, मध्ये चहा असतो. इथे दुसऱ्या गिअरमध्ये 25 च्या वेगाने, समोर एकच लाल ठिपका, आणि तो ठिपका म्हणजे तुमचा पुतण्या. डोळे त्या ठिपक्याला चिकटतात आणि माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो. रिलेच्या रात्रीत सगळ्यात मोठा धोका रायडरच्या थकव्याचा नसतो, तो त्याच्या मागच्या स्टिअरिंगवर बसलेला असतो.

सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, असं झोपेच्या अभ्यासांत दिसलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा 0.03 आहे. शर्यतीच्या दिवशी तुम्ही पहाटे चारला उठलेले असणार. म्हणजे रात्री नऊलाच तुम्ही, थेंबही न घेता, त्या मर्यादेपलीकडे.

तेव्हा दोन ड्रायव्हर, प्रत्येकी फार तर तीन तास. रात्री गाडी चालवणाऱ्याने दुपारी झोपलेलं असलंच पाहिजे. दुपारी संघाचे फोटो काढत फिरणारा ड्रायव्हर रात्री कामाचा नाही. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला झोपायची परवानगी नाही, त्याचं काम वळणं सांगणं आणि तुम्हाला बोलतं ठेवणं. सपाटीवर रायडरपासून 10-15 मीटर मागे राहा, उतारावर अंतर वाढवा, कारण तो पडला तर थांबायला जागा लागते. पार्किंग लाइट चालू ठेवा. आणि हॉर्नच्या खुणा आधी ठरवा. आम्ही एक हॉर्न म्हणजे ‘मागून गाडी आहे, डावीकडे राहा’ आणि दोन म्हणजे ‘रस्ता मोकळा’ असं ठेवतो.

मागे गाडीचा एवढा उजेड असताना सायकलला महागडा दिवा कशाला? दुकानदार 1200 ल्यूमेनचा घ्या म्हणतोय.
— एक विद्यार्थी, इचलकरंजी

एकदा हेडलाइटच्या पुढे सायकल चालवून बघ. तुझीच सावली लांबच लांब तुझ्यापुढे पडते, आणि खड्डा नेमका तिच्यातच असतो. ती सावली पुसायला पुढचा दिवा लागतो. त्याला 500-600 ल्यूमेन पुरतात, घाट उतरताना 800 च्या पुढे हवेत. 1200 वाल्याचा पूर्ण उजेड बहुधा दीड-दोन तासच टिकतो, हे दुकानदार स्वतःहून सांगणार नाही. त्या पैशांत दोन मध्यम दिवे घे, म्हणजे एक चार्जिंगला लावता येतो. शिवाय एक छोटा हेल्मेटवर लाव. घाटातल्या वळणावर हँडलचा दिवा दरीत बघत असतो, डोक्यावरचा तू बघशील तिकडे बघतो. मागचा लाल दिवा लुकलुकता नको, स्थिर ठेव. फॉलो कारच्या ड्रायव्हरला तो तासन् तास बघायचाय. घोट्यांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या बांध, वरखाली हलणारी पट्टी लांबून ओळखू येते. आणि गाडीत कुणी मोबाइल डोळ्यांसमोर धरून बसलं असेल तर पाळीच्या अर्धा तास आधी बंद करायला लाव. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि एका झगझगीत स्क्रीनने ते सगळं वाया जातं.

तू इचलकरंजीचा, म्हणजे पुढचं तुला सांगायला नको, पण पुण्याच्या संघांसाठी सांगते. नोव्हेंबरात कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो. रात्री साताऱ्यापासून खाली महामार्गावर आणि आतल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात. मागे लोंबणाऱ्या उसाने रिफ्लेक्टर झाकलेला, दिवा असला तर असला. बहुतेक ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. एक ओलांडली की संपलं असं समजून डावीकडे आलात तर दुसरीच्या चाकापाशी. गाण्याच्या आवाजात ट्रॅक्टरवाल्याला तुमची घंटी ऐकू जात नाही, फॉलो कारने हॉर्न दिल्याशिवाय ओलांडूच नका. ट्रॉलीपेक्षा पडलेला ऊस जास्त फसवतो. त्यावर तिरकं चाक गेलं की ऊस गोल फिरतो आणि सायकल खालून निघून जाते. समोर आलाच तर ब्रेक सोडा, हँडल सरळ धरा, आडवा पार करा.

मला गाडीत झोपच येत नाही. नुसते डोळे मिटून पडण्याचा काही उपयोग असतो का?
— एक बँक कर्मचारी, नाशिक

असतो. झोप लागत नाहीये याची चिंता सोडा, पाठ टेका, पाय वर घ्या. पण त्याआधी एक काम : सायकलवरून उतरल्यावर पाच मिनिटांच्या आत ओले कपडे काढा. घामाने भिजलेली जर्सी अंगावर, वर जॅकेट, गाडीचा एसी चालू, आणि मग तासाभराने थंडी वाजते म्हणून पुन्हा सायकलवर चढताना गुडघे आखडलेले. हे चित्र दर वर्षी दिसतं. रिलेत चालवण्याने माणूस जेवढा मोडत नाही तेवढा या मधल्या वेळेने मोडतो. कोरडी बनियन, कानटोपी, मोजे, आणि वर चादर. घाटावरच्या पट्ट्यात रात्री पारा 15 अंशांच्या आसपास येतो, महाबळेश्वरकडे आणखी खाली.

छोटी डुलकी काढायची तर 20 मिनिटांचा गजर लावा. आडवं व्हायच्या आधी कॉफी घेतलीत तर उत्तम, तिचा परिणाम जाणवायला अर्धा तास लागतो, म्हणजे उठता उठता ती कामाला लागते. मात्र दीड तासाची झोप मिळणार असेल त्याआधी कॉफी नको. उठल्यावरही मेंदू 15 ते 30 मिनिटं झोपेतच असतो, तेव्हा डोळे चोळत थेट घाट उतरायला जाऊ नका. पाळीच्या 40 मिनिटं आधी उठवायची जबाबदारी क्रूमधल्या एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही.

संघात मी एकटी स्त्री. रात्री हायवेवर लघवीला जायचं कसं, या विचाराने संध्याकाळपासून पाणी कमी पिते. हे विचारायलाही संकोच वाटतो.
— एक वाचक, पुणे

संकोच करू नका. चौघांच्या संघात तीन पुरुष असतात तेव्हा हा विषय कुणी काढतच नाही, म्हणून तुम्हीच काढा, बैठकीत, सगळ्यांसमोर. पाणी तोडू नका. त्याने पेटके येतात, डोकं दुखतं, शिवाय मूत्रमार्गाचा संसर्ग घरी घेऊन याल.

क्रूमध्ये एक बाई हवीच, हा माझा आग्रह असतो. पाळी संपली की पेट्रोलपंप, हे वेळापत्रकातच लिहा. महामार्गावर पंप भरपूर आहेत, घाटात नाहीत, म्हणून घाटाच्या आधी थांबा. बिब शॉर्ट्सला खांद्याचे पट्टे असतात, वरचं सगळं उतरवावं लागतं. रात्रीपुरती साधी कमरेची शॉर्ट्स घाला. अडलंच तर गाडीची दोन्ही दारं उघडून मध्ये चादर धरली की आडोसा होतो, दिवे तेवढे बंद करायला सांगा. मासिक पाळीची तारीख जवळ असेल तर तेही क्रूमधल्या बाईला सांगून ठेवा आणि जादा शॉर्ट्स घ्या. शॉर्ट्सच्या ओल्या पॅडवर दोन तास बसलं की मांड्या सोलवटतात, मग पुढची पाळी उभ्यानेच चालवावी लागते.

400 ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत करायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी) वेळेत पूर्ण केली आहे. मग थेट दोघांचा संघ करावा का? चौघे जमवणं कठीण जातंय.
— एक डॉक्टर, नागपूर

बीआरएमचे 400 किलोमीटर 27 तासांत करायचे असतात, तुम्ही ते केलेत, म्हणजे रात्र तुम्हाला नवी नाही. पण तिथे तुम्ही आपल्या लयीत एकसारखे चालवत होतात. रिलेत तापायचं, थंड व्हायचं, पुन्हा तापायचं. दोघांच्या संघात हे चक्र रात्रभर तुम्हीच चालवता आणि झोपेसाठी दुसरी जोडी नसते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांच्या संघाने रॅम पूर्ण केली. सुमारे 4800 किलोमीटर, आणि संघांना 9 दिवसांची मर्यादा. त्यांच्यामागे क्रूची फौज होती, हे बातम्या वाचताना सुटून जातं.

तुम्हाला चार रायडर जमत नाहीयेत, पण दोघांसाठीही क्रू पाच-सहा जणांचा लागणारच. तो जमतोय का, ते आधी बघा. जमला तर जरूर उतरा. नसेल जमत, तर यंदा दुसऱ्या कुणाच्या संघात क्रू म्हणून जा, एका रात्रीत पुष्कळ कळेल.

रात्री एनर्जी जेल घशाखाली उतरत नाही. काय खावं?
— एक वाचक, चिपळूण

गोड नको वाटतं म्हणून खाणंच सोडू नका. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, मऊ मुगाची खिचडी, दहीभात, थर्मासमध्ये गरम सार. उतरल्या-उतरल्या खा, चढायच्या तोंडावर नको. मिसळ, वडे गोव्यात पोहोचल्यावर. आणि जे घरच्या रात्रीच्या सरावात खाऊन बघितलं नाही, ते शर्यतीत कुणी प्रेमाने पुढे केलं तरी घेऊ नका.